रेघ सरकते का

उजव्या अंगठ्याचं नख तीन वर्षं पिवळं होतं,
सुकत घालून विसरलेल्या माकुलासारखं,
जाड, भुसभुशीत, कडेला पांढरा भुगा.
मी त्यावर लाल नेलपॉलिश लावायचे.
हर्णैच्या बंदरात लिलावाला उभं राहायचं तर
पायात गमबूट, गमबुटात बर्फाचं पाणी,
कुणाला दिसणार होतं लाल की पिवळं?
तरी लावायचे.
रात्री चटईच्या टोकाला
आपलं पाऊल आपल्याला तर दिसतं.

मैमूना म्हणाली, रॉकेल चोळ.
जाऊ म्हणाली, नजर लागली.
नखाला नजर! मी हसले,
आणि रॉकेल चोळलं.
नख तसंच. चटईला महिनाभर वास.

मग डाव्या अंगठ्याखाली काळं दिसलं.
पिवळ्याची लाज वाटते.
काळ्याची भीती.

दापोलीला बुटाला डॉक्टरीणबाई.
त्यांनी स्टुलावर बसून माझा पाय हातात घेतला.
लग्नात जोडवी चढवताना घेतला होता कुणीतरी,
त्यानंतर आत्ताच.
मासळीचा वास येईल म्हणून मी मागे ओढला,
तर म्हणाल्या, "असू दे, मी मुरुडची आहे."

पिवळं नख खरवडून कागदाच्या पुडीत बांधलं.
"बुरशी वाटते. पण वाटण्यावर गोळी देत नाही,
आधी ही पुडी तपासू, आधी तुमचं रक्त बघू."
काळ्यावर भिंग धरलं, आणि गप्प झाल्या.
बाहेर कुणाचं तरी मूल खोकत होतं, तेवढाच आवाज.
"काही पडलं होतं पायावर?"
पायावर रोजच काही ना काही पडतं.
"आठवत नाही."

कातडीच्या बाजूला जिथे काळं संपतं
तिथे कानशीने एक बारीक खाच केली.
"सुकलेलं रक्त असेल तर खाचेबरोबर पुढे जाईल,
मागून स्वच्छ नख येईल. महिन्याने दाखवा."
"आणि मागूनही काळंच आलं तर?"
"तर तुकडा काढून तपासू. तेव्हाचं तेव्हा."
तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही नाही.
पण एसटीत तो माझ्या शेजारी बसला
आणि आसूदचा उतार संपेपर्यंत उतरला नाही.

उधाण आलं, भांग आला, परत उधाण.
समुद्र दिवसातून दोनदा येऊन जातो,
नख महिन्याला दीड मिलिमीटर.
त्याला ना चांद्रमास ठाऊक, ना माझी घाई.
पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन
मी रोज रात्री वाकायचे,
आणि पट्टीवरच्या रेघाही
माझ्या नजरेला जाड वाटायच्या.

एका पहाटे, बर्फ फोडताना, आठवलं.
काहीच पडलं नव्हतं पायावर.
काट्यावरच्या जयवंताशी चाळीस रुपयांवरून भांडताना
टप मीच लाथाडला होता,
भरलेला, आणि पायात साधी चप्पल.
दोन दिवस लंगडले, कुणाला सांगितलं नाही.
इतकी लाज, की माझी मलाही
विसरायला लावली.

चौथ्या आठवड्यात कातडीपाशी
तांदळाच्या कणीएवढं गोरं नख.
खाच आणि काळं, दोघं मिळून
किंचित पुढे सरकलेले,
बंदर सोडणाऱ्या होडीइतके हळू.
बाईंनी पुन्हा भिंग लावलं, हसल्या.
"पूर्ण जायला वर्ष लागेल.
पिवळ्यालाही तितकंच. गोळ्या मधेच सोडू नका.
पाय कोरडे ठेवा."
कोरडे! हर्णैत!
पण मोज्यांचे दोन जोड घेतले,
आणि पावडर, आणि माझ्या एकटीचं नेलकटर.
लाल बाटली पोरीला दिली.

मैमूनाला अंगठा दाखवला.
निरखून बघून म्हणाली,
"बघ, रॉकेलनेच गेलं."
रॉकेल दुसऱ्या पायाला लावलं होतं.
मी काही बोलले नाही.
गमबूट उलटे केले,
आतलं पाणी वाळूत ओतलं
आणि बोंबलांच्या वलांडीखाली
उन्हात ठेवून दिले.